रिंगकडे पाठ करून

आपल्याकडे उंच माणसाला दोन कामांसाठी हाक मारतात. घरात माळ्यावरचा डबा काढायला आणि कॉलेजात बास्केटबॉलच्या रिंगखाली उभं राहायला. मी दोन्ही कामं इमानेइतबारे केली. कराडजवळच्या गावातून शिकायला आलो तेव्हा कॉलेजच्या सरांनी माझ्याकडे एकदा खालून वर पाहिलं आणि नाव विचारायच्या आत बनियन हातात दिलं. म्हणाले, "हात वर करून उभा राहा. चेंडू आला की बुटक्याला दे." पुढची सगळी वर्षं मी हात वर करून उभा राहिलो आणि बुटक्यांना चेंडू देत राहिलो. संघातली मुलं मला खांब म्हणत. प्रेमानं म्हणत, पण खांबच म्हणत.

मग नवी मुंबईतल्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. ह्या अंकाच्या संपादकांनी सुचवलं होतं की जिंकलेल्या स्पर्धांबद्दल लिहा. ज्यांना ट्रॉफ्या बघायच्या आहेत त्यांनी प्राचार्यांच्या केबिनमधलं काचेचं कपाट बघावं, फक्त आधी धूळ पुसून घ्यावी. मी लिहिणार आहे ते खांबांबद्दल. माझी सगळी नोकरी खांबांना वळायला शिकवण्यात गेली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लोखंडी रिंग दहा फुटांवर असते आणि तिच्यात चेंडू टाकायचा असतो, म्हणजे उंच माणसाला हे सोपंच जाणार, असं सगळ्यांना वाटतं. अजिबात सोपं जात नाही. बुटका मुलगा लहानपणापासून चेंडू आपटत मोठा होतो, त्याची बोटं चेंडूला सरावलेली असतात. उंच मुलगा अकरावी-बारावीत अचानक वाढतो. त्याला कोणीतरी बसस्टॉपवरून नाहीतर कॅन्टीनमधून उचलून आणतं आणि वर्षभरात स्पर्धेत उभं करतं. तोवर त्याचे स्वतःचे पायसुद्धा त्याच्या ताब्यात आलेले नसतात.

शिवाय तो रिंगच्या इतका जवळ खेळतो की त्याला रिंगकडे पाठ करूनच उभं राहावं लागतं. मागून प्रतिस्पर्धी चिकटलेला असतो, कोपरं मारत असतो, कानात शिव्या घालत असतो. चेंडू समोरून येतो, रिंग मागे असते. अशा वेळी मागचा माणूस कुठल्या बाजूला झुकलाय हे न बघता ओळखायचं आणि तो जिकडे नाही तिकडे वळायचं. डोळ्यांचा उपयोग थोडा, पाठीचा जास्त. मी मुलांना म्हणायचो, पाठीनं ऐका. पहिल्यांदा सगळे हसायचे.

माझी शिकवण्याची पद्धत अशी होती की आधी पाय, मग पाठ आणि हात सगळ्यात शेवटी. पहिले काही आठवडे चेंडू द्यायचोच नाही. अर्धवट खुर्चीत बसल्यासारखं उभं राहायचं, एक पाय जमिनीला खिळल्यासारखा ठेवायचा आणि दुसऱ्यानं फिरायचं. सिमेंटच्या कोर्टवर बुटांचे तळ झिजेपर्यंत एवढंच. मग मी कबड्डीच्या मॅटचा तुकडा छातीशी धरून मागून रेटायचो. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. ज्या बाजूनं रेटा येतो तिच्या उलट्या बाजूला वळायचं. ते अंगात भिनलं की चेंडू हातात द्यायचो आणि तो हनुवटीच्या खाली न्यायचा नाही अशी ताकीद द्यायचो, कारण हनुवटीच्या खालचा चेंडू बुटक्यांच्या मालकीचा असतो. शेवटी हूक. म्हणजे रिंगला खांदा दाखवायचा आणि लांबचा हात डोक्यावरून कमानीसारखा नेऊन बोटांच्या टोकांवरून चेंडू सोडायचा. नीट बसलेला हूक कोणाच्या बापाला अडवता येत नाही.

हर्षल हा माझा पहिला यशस्वी खांब. खाडीकाठच्या गावातला. घरची शेती शहराखाली गेलेली, वडील बिल्डर. तो बुलेटवरून यायचा आणि गळ्यातली चेन काढायला सांगितली की तोंड पाडायचा. पाठ करून खेळायचं म्हटल्यावर तर भडकलाच. "सर, पाठ दाखवून कोन खेलतं? आमचे गावान लोक हसतील." पण गडी कबड्डीतला होता. मी मॅट घेऊन मागून रेटायला लागलो तसे त्याचे डोळे चमकले. "सर, यो तर कबड्डीच हाय, फक्त मान वर करून!" तो आयुष्यात एकच वळण शिकला, उजवीकडचं. सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं की हा उजवीकडेच वळणार, तरी तो कोणाला थांबवता आला नाही. आता तोही टॉवर बांधतो. भेटला की म्हणतो, "सर, धंद्यातपन एकच बाजू वलतो, पन जोरान वलतो."

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. सीवूड्सचे एक गृहस्थ मुलाला रोज सोसायटीच्या जिममध्ये दांड्याला लोंबकळायला लावायचे. मुलगा माझ्या छातीपर्यंत. मला विचारलं, "सर, तुमच्याकडे घातला तर दोन वर्षांत किती इंच धरायचे?" मी म्हटलं, "ते तुम्ही आणि वहिनींनी आधीच ठरवायला हवं होतं." त्यांनी प्राचार्यांकडे तक्रार केली. मला लेखी दिलगिरी द्यावी लागली आणि ती मी अतिशय सुवाच्य अक्षरात दिली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. उंच मुलगा ही आमच्या धंद्यात पळवायची वस्तू असते. चांगला खांब दिसला की दुसरं कॉलेज, एखादा क्लब, कोणीतरी त्याला फूस लावतंच. आणि ज्याच्याकडे खांब आहे त्याच्याविरुद्ध बाकीचे अफवा सोडतात. त्याचं वय लपवलंय, त्याला फिट येते, गुडघा कामातून गेलाय, तो बारावी नापास आहे. स्पर्धेच्या आधी आयोजकांच्या कानावर असल्या गोष्टी जातातच. सगळेच कोच हे करतात आणि मग एकाच टपरीवर चहा पिताना त्यावर हसतात. त्यामुळे आमच्यात एक रीत पडून गेली होती. दुसऱ्या कोचनं एखाद्या उंच मुलाबद्दल काही वाईट सांगितलं की ते खोटं समजायचं.

आता अनिस.

अनिस कामोठ्याचा. घराणं मूळचं रायगडच्या किनाऱ्यावरचं. वडिलांचा कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रान्सपोर्टचा धंदा होता. तरुणपणीच, यार्डात ट्रक भरत असताना छातीत कळ आली आणि ते गेले. धंदा मामूनं, म्हणजे अनिसच्या आईच्या भावानं, सांभाळला. आई एका शाळेत क्लार्क. अनिस पहिल्यांदा माझ्यासमोर आला तेव्हा दाराच्या चौकटीखालून वाकून आत आला आणि सरळ झाला, तो सरळ होतच राहिला.

उंच मुलगा आला की त्याला जिमखान्याच्या भिंतीला टेकवून हात पसरायला लावायचे आणि खडूनं खुणा करायच्या, ही माझी ठरलेली परीक्षा. सगळ्यांचे हात साधारण उंचीइतकेच भरतात. अनिसचे उंचीपेक्षा चांगले वीतभर जास्त भरले. मग मी त्याला अंगठा आत घेऊन मूठ मिटायला सांगितली. अंगठ्याचं टोक मुठीतून पलीकडे बाहेर आलं. एवढा लांब पंजा मी आयुष्यात पाहिला नव्हता. बारीक अंग, सैल सांधे, कुठूनही वळतील असे. माझ्या धंद्यातला माणूस ज्या ज्या गोष्टींसाठी झुरतो त्या सगळ्या एका मुलात. त्या दिवशी मी घरी जाताना जिलबी घेऊन गेलो.

आणि तो शिकला. माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही मुलापेक्षा लवकर शिकला. पायांची फिरकी महिन्याभरात बसली. डावीकडे वळायचा तसाच उजवीकडे. मागून जरा रेटा बसला की त्याच्या खांद्याला ते आधी कळायचं. रिंगकडे तर तो बघायचाच नाही. पायाखालची रंगवलेली रेष बुटानं चाचपायचा, वळायचा आणि हूक सोडायचा. चेंडू जाळीतून पडायचा. मी दुसऱ्या कोचना बोलावून दाखवायचो, "बघा, न बघता टाकतो!" मला ती प्रतिभा वाटत होती.

दुसऱ्या वर्षी एक अडचण आली. अंगानं बारीक असल्यामुळे जाडजूड मुलं त्याला रिंगपासून लांब ढकलायला लागली. अशा वेळी खांबाला आणखी एक गोष्ट शिकवावी लागते. लांबच चेंडू घ्यायचा, वळून रिंगकडे तोंड करायचं आणि तिथून शॉट मारायचा. ते मी शिकवायला घेतलं आणि अनिसचे शॉट चुकायला लागले. चुकण्याचं काही नाही, सगळेच चुकतात. पण चुकण्यालाही एक शिस्त असते. चेंडू आखूड पडला तर पाय कमी पडले. बाजूला गेला तर कोपर फाकलं. अनिसच्या चुकण्याला काही रीतभातच नव्हती. एक आखूड, एक लांब, एक फळीच्याही वरून.

मी त्याला थांबवलं. रिंगमागच्या फळीवर आमच्या कॉलेजचं नाव मोठ्या निळ्या अक्षरात रंगवलेलं होतं. म्हटलं, "अनिस, फळीवर काय लिहिलंय?"

तो जरा वेळ बघत राहिला. म्हणाला, "काय लिहिलंय का सर तिथं?"

चष्मा होता त्याला. बॅगेत असायचा. खेळताना घालायचा नाही, आणि घालून तरी काय, नंबर सारखा बदलायचा, असं त्याचं म्हणणं. "सर, टेन्शन नका घेऊ, जवळून दिसतं मला." मी त्याचा कान धरला, म्हणजे धरता येण्याइतका तो खाली वाकला, आणि त्याला पनवेलच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो.

बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी त्याचे डोळे बराच वेळ तपासले. मग टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्याला उभं राहायला सांगितलं. म्हणाल्या, "हात पसर बघू." त्यानं पसरले. "आता अंगठा आत घेऊन मूठ मीट." त्यानं मिटली. अंगठा बाहेर.

मी खूश होऊन म्हटलं, "मॅडम, तुम्हीपण कोच होता का? आमची हीच टेस्ट असते."

त्या हसल्या नाहीत. अनिसला म्हणाल्या, "घरी वडील आहेत?"

"नाहीत."

"कशानं गेले?"

अनिसनं यार्डातलं सगळं सांगितलं.

त्यांनी त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे छातीवर यंत्र फिरवून तपासणी झाली. डॉक्टरांनी आईला बोलावून घेतलं आणि आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. मार्फन नावाचा जन्मजात दोष असतो. अंगातला जो धागा सगळं घट्ट धरून ठेवतो तोच सैल असतो. म्हणून हाडं लांब वाढतात, बोटं लांब होतात, सांधे सैल राहतात, डोळ्यातलं भिंग सरकतं. आणि हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी सैल पडत पडत फुगत जाते, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी. अनिसची फुगली होती. धावणं, उड्या, धक्काबुक्की, वजन उचलणं, सगळं बंद. गोळ्या घ्यायच्या, तपासणीला यायचं, पुढे बहुधा ऑपरेशन. "शिकू शकतो, नोकरी करू शकतो, संसार करू शकतो," डॉक्टर म्हणाले. "बास्केटबॉल नाही."

अनिसच्या आईनं मुलाच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "याच्या अब्बांचे हातपण असेच होते. ते गेले तेव्हा सगळे बोलले, टेन्शन घेतलं म्हणून झालं." ती रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

मला स्वतःच्या धंद्याची शिसारी आली. मी ज्याला देणगी म्हणत होतो, ज्यासाठी जिलबी आणली होती, ती एकेक गोष्ट डॉक्टर आजाराची खूण म्हणून मोजत होते. एवढी वर्षं आम्ही कोच मंडळी भिंतीवर खुणा करत हिंडलो. कितीजणांना भिंतीला उभं केलं, देव जाणे. त्यातल्या ज्यांना आम्ही नुसतं रिंगखाली उभं ठेवलं, नीट शॉट मारायला कधी शिकवलंच नाही, त्यांना दिसतंय की नाही हे आम्हाला कळायचा प्रश्नच नव्हता.

बाहेर आल्यावर अनिस मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, ट्रायल झाल्यावर थांबू?" एका सरकारी खात्याच्या संघाची निवड चाचणी काही महिन्यांवर आली होती. त्यात निवड झाली की खेळाडू म्हणून कायमची नोकरी. आईची धावपळ थांबणार होती, मामूच्या उपकारातून सुटका होणार होती. हूक बसल्यापासून तो ह्या एकाच गोष्टीसाठी खेळत होता, आणि ती आशा त्याला मीच लावली होती.

"नाही," मी म्हटलं.

"तिथं छाती कोण बघतं सर?"

"मी बघितलीय."

घरी आईनं त्याला तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. पुन्हा खेळणार नाही असं त्यानं कबूल केलं. मी त्याचं नाव संघातून काढलं. त्यानंतर तो जिमखान्याच्या बाजूला फिरकला नाही. मला वाटलं, रागावलाय, निवळेल.

काही महिन्यांनी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. म्हणाला, "सर, तुमचा अनिस काय खेळतोय! काल क्लबच्या स्पर्धेत बघितला." आमच्याच शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका क्लबनं त्याला घेतलं होतं. कॉलेजच्या सरांशी भांडण झालं म्हणून सोडलं, असं त्यानं तिथे सांगितलं होतं. असा फुकट सापडलेला खांब कोण सोडतो?

मी त्या क्लबच्या कोचला फोन लावला. आमची जुनी ओळख, एका टपरीवरची. म्हटलं, "त्या मुलाच्या हृदयाला आजार आहे. तो कोर्टवर मरेल."

तो मनापासून हसला. "सर, रिटायर व्हायला आलात, आता तरी जुने डाव सोडा की. माझ्या पोराला तुम्ही मागच्या वर्षी फिट आणली होती, आता याला हार्ट?"

मी शपथ घेतली. तो आणखी हसला. आयोजकांना फोन केला, ते म्हणाले, "लेखी तक्रार द्या, स्पर्धा संपल्यावर बघू." त्यांच्याकडे अशा तक्रारी प्रत्येक स्पर्धेत येत होत्या. आम्हीच पाठवत होतो. खरं सांगायची वेळ आली आणि माझ्या शब्दाला कवडीची किंमत उरली नव्हती.

शेवटी मामूला फोन केला. मामूला सगळं माहीत होतं. "सर, पोरगा ठणठणीत दिसतो. डॉक्टर लोकांचं काय, घाबरवणं हाच त्यांचा धंदा. ट्रायलवाले ही स्पर्धा बघायला येणार आहेत. एकदा नोकरी लागू दे, मग मीच त्याला घरात बसवतो. आपाला मात्र बोलू नका." आपा म्हणजे त्याची बहीण. अनिसची आई.

मी रिक्षा केली आणि थेट तिच्या शाळेत गेलो. ऑफिसच्या दारात मला बघताच ती उभी राहिली. मी काही सांगायच्या आत म्हणाली, "खेळतोय ना तो?" आणि पर्स उचलली.

हॉल भरलेला होता. आम्ही आत गेलो तेव्हा सामना ऐन रंगात आला होता. अनिस कोर्टवर होता, चष्मा पट्ट्यानं डोक्यामागे बांधलेला. एवढं त्यानं माझं ऐकलं होतं. त्याच्या आईनं आपल्या मुलाला खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबली.

चेंडू अनिसकडे आला. रिंगकडे पाठ, मागे एक रेड्यासारखा मुलगा चिकटलेला. अनिसनं डावा खांदा जरासा हलवला. रेडा तिकडे झुकला. मला पुढचं सगळं आधीच दिसत होतं, कारण मी ते स्वतः त्याच्या पाठीत मॅट रुतवून बसवलं होतं. मी मनात म्हटलं, चुकू दे. देवा, हा चुकू दे, त्याला बाहेर बसवतील. आयुष्यात पहिल्यांदा मी शिकवलेला शॉट चुकावा म्हणून मी हात जोडले. अनिस उजवीकडे वळला, लांब हात कमानीत डोक्यावरून गेला आणि चेंडू रिंगला न शिवता जाळीतून खाली आला. हॉल उठून उभा राहिला.

"काय केलं त्यानं?" आईनं विचारलं.

"गोल."

"चांगला होता?"

"फार चांगला."

तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मी विसरू शकत नाही. मग ती पायऱ्या उतरायला लागली. मी तिच्या मागे. कोणी अडवेपर्यंत ती रेष ओलांडून कोर्टवर पोहोचली होती, चपला घालून. पंचांनी शिट्टी फुंकली. क्लबचा कोच ओरडत आला, "सर, आता बायकांना पुढे करताय?"

मी पंचांच्या समोर उभा राहून मोठ्यानं सांगितलं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. ह्या मुलाच्या हृदयाची रक्तवाहिनी फुगलेली आहे, ती खेळताना फुटू शकते, ह्याचे वडील त्यानंच गेले असणार आणि ही त्याची आई आहे. कोच बाजूला झाला. बाजूच्या खुर्च्यांवर ट्रायलची माणसं बसली होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हळू आवाजात सांगण्यासारखी ती गोष्ट होती, हे मलाही कळत होतं. पण हळू सांगितलेलं कोणी मानलं नव्हतं.

अनिस हलला नाही. आईनं त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "चल." तो आईच्या बरोबर निघाला. माझ्याजवळून जाताना थांबला. म्हणाला, "सर, सगळ्यांसमोर?" एवढंच.

त्या दिवसानंतर त्याला कोणी बोलावलं नाही. ट्रायलचं पत्र आलं नाही. क्लबनं बूट परत मागितले. पुढे मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात त्याचं ऑपरेशन झालं. ती वाहिनी डॉक्टरांनी बदलली आणि थोडं आधी केलं हे बरं झालं असं सांगितलं. तो वाचला. मी रुग्णालयात गेलो तेव्हा त्यानं तोंड भिंतीकडे केलं. खाटेबाहेर त्याची पावलं आली होती आणि खाली कोणीतरी स्टूल ठेवलं होतं. मी त्याच्या आईशी थोडं बोलून परत आलो.

माझ्या निवृत्तीनंतर एकदा कळंबोलीला काम निघालं, म्हणून मी मामूच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात डोकावलो. दुपारची वेळ. बाहेर लोखंडाच्या पट्ट्यांची भेंडोळी लादलेले ट्रक उभे होते. अनिस आत बसून गाड्यांच्या येण्याजाण्यावर लक्ष ठेवत होता. टेबल लहान, त्यामुळे गुडघे बाहेर. एका ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं घालून विचारलं, "ए लंबू, बास्केटबॉल खेलता है क्या?" अनिस म्हणाला, "नहीं," आणि त्याची गाडी कुठे लावायची ते सांगितलं. असं दिवसातून किती वेळा होत असेल, मी विचारलं नाही.

त्यानं चहा मागवला. आईची तब्येत बरी आहे म्हणाला. मामू आता कमी येतात, सगळं त्याच्यावर सोपवलंय. मी उगाच उन्हाबद्दल, रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बडबडलो. खेळाचं नाव दोघांनीही काढलं नाही. तो माझ्यावर रागावलेला दिसत नव्हता. रागावला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

मी निघालो तसा तो सोडायला बाहेर आला. ट्रकच्या सावलीत आम्ही उभे होतो. त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं, छातीवरचा व्रण झाकला आणि म्हणाला, "सर, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही मला वळायला शिकवलं, पाय कुठं टाकायचा ते शिकवलं. ही एवढी उंची आहे ना माझी, हिचं आता मी काय करू?"

टोमणा नव्हता तो. टोमणा मला ओळखता येतो, आयुष्य मुलांमध्ये काढलंय. त्यानं प्रश्न खरोखरच विचारला होता, कोर्टवर विचारायचा तसा, आणि तसाच मान थोडी खाली घालून माझ्या तोंडाकडे बघत होता. मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता. अनिस हलला नाही. मी सांगेन म्हणून तो उभा होता.